भूकंपाच्या शेपटीवरून त्याचं माप

भूकंप नोंदवणाऱ्या फिल्मवरची रेषा शांतपणे पुढे सरकत असते. एकाएकी ती थरथरते, वर-खाली झेपावते आणि पुढच्याच क्षणी चौकटीच्या दोन्ही काठांना जाऊन आदळते. काठापलीकडे ती जाऊच शकत नाही, त्यामुळे काही सेकंद फिल्मवर नुसता गोंधळ दिसतो: टोकं छाटलेल्या, एकमेकींत मिसळलेल्या रेघा. मग हळूहळू रेषा काठांपासून सुटते, आवरत येते आणि मिनिटाभरात पुन्हा पूर्वीसारखी सपाट होते.

हा भूकंप केवढा होता? सगळ्यात मोठा झोका किती उंच गेला हे फिल्मवर उरलेलंच नाही. पण एक गोष्ट शाबूत आहे. रेषा थरथरायला कधी लागली आणि शांत कधी झाली, हे स्पष्ट दिसतं. या दोन क्षणांमधले सेकंद मोजून भूकंपाची महत्ता सांगता येते, आणि अनेक वर्षं जगातल्या हजारो छोट्या भूकंपांचं माप असंच घेतलं गेलं. उत्तर साधारण बरोबर येतं. ते बरोबर का यावं, हा भाग मला फार सुंदर वाटतो.

आधी ‘महत्ता’ या शब्दाबद्दल. बातम्यांत ‘४.२ रिश्टरचा धक्का’ असं आपण वाचतो, त्यातला ४.२ म्हणजे महत्ता. भूकंप मुळात केवढा होता याचा हा एकच आकडा. एखाद्या गावात तो किती जोरात जाणवला, भिंतींना तडे गेले का, हे वेगळं माप. ते जागेनुसार बदलतं. वर्तमानपत्रं दोन्हींना ‘तीव्रता’ म्हणतात आणि घोळ होतो. इथे मी फक्त महत्तेबद्दल बोलतो आहे.

महत्तेची कल्पना चार्ल्स रिश्टर यांनी १९३५ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियातल्या भूकंपांसाठी मांडली, आणि ती पूर्णपणे उंचीवर उभी होती. वूड-अँडरसन नावाच्या ठरावीक यंत्रावर रेषा जास्तीत जास्त किती उंच गेली ते मोजायचं, अंतराचा हिशेब करायचा आणि लॉगॅरिदम घ्यायचा. लॉगॅरिदम म्हणजे इथे एवढंच समजा की दहापट उंच झोक्याला एक गुण जास्त, शंभरपट झोक्याला दोन. भूकंपापासून १०० किलोमीटरवरच्या वूड-अँडरसन यंत्रावर रेषा १ मिलिमीटर हलली, तर तो ३ महत्तेचा भूकंप. तिथेच ती १० मिलिमीटर हलली तर ४.

उंचीची ही पद्धत उत्तम आहे, पण तिची एक अट आहे: यंत्राला पूर्ण झोका नोंदवता आला पाहिजे. १९६० च्या दशकात नेमकी हीच अट मोडायला लागली. शास्त्रज्ञांना माणसांना जाणवतसुद्धा नाहीत असे सूक्ष्म भूकंप पकडायचे होते, कारण प्रस्तरभंग (जिच्या दोन्ही बाजूंचे खडक सरकतात ती जमिनीतली भेग) नेमका कुठून जातो, कुठे सरकतो आणि कुठे अडकलेला आहे हे त्यांच्यावरून कळतं. त्यासाठी अतिशय संवेदनशील यंत्रं दाट पसरवली गेली. मध्य कॅलिफोर्नियात अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने सान आंद्रेआस प्रस्तरभंगालगत असं जाळं उभारलं. प्रत्येक ठिकाणचा सिग्नल टेलिफोनच्या तारांवरून मेन्लो पार्कला यायचा आणि १६ मिलिमीटरच्या फिल्मवर नोंदला जायचा.

या साखळीत दिसू शकणारा सगळ्यात लहान झोका आणि मावू शकणारा सगळ्यात मोठा झोका यांत जेमतेम शंभरपट फरक असे. शंभरपट म्हणजे महत्तेचे फक्त दोन गुण! १ महत्तेचा भूकंप नीट दिसावा म्हणून यंत्र लावलं, तर ३ च्या पुढचा भूकंप फिल्मचे काठ गाठणारच. यंत्र कमी संवेदनशील करावं, तर ज्यांच्यासाठी सगळा खटाटोप केला ते छोटे भूकंपच नाहीसे होतात.

मग काही जणांनी उंचीऐवजी घड्याळाकडे पाहिलं. हंगेरीत बिस्त्रिचान यांनी १९५८ मध्येच पृष्ठतरंग (जमिनीच्या पृष्ठभागालगत जाणारे तरंग) किती वेळ चालतात यावरून महत्ता काढण्याचा मार्ग दाखवला होता. जपानमध्ये त्सुमुरा यांनी १९६७ मध्ये वाकायामा भागातल्या सूक्ष्म भूकंपांसाठी संपूर्ण सिग्नलचा कालावधी वापरला. आणि १९७२ मध्ये विली ली व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी मध्य कॅलिफोर्नियासाठी जे सूत्र दिलं, ते पुढे जगभर पसरलं:

महत्ता = २.०० × लॉग (कालावधी) + ०.००३५ × अंतर − ०.८७

कालावधी सेकंदांत, अंतर किलोमीटरमध्ये. अंतर म्हणजे अपिकेंद्रापासून (भूकंप जिथे झाला त्याच्या बरोबर वरच्या, जमिनीवरच्या जागेपासून) यंत्रापर्यंतचं. समजा ५० किलोमीटरवरच्या यंत्रावर सिग्नल १०० सेकंद चालला. १०० चा लॉग २, त्याची दुप्पट ४. अंतराचे ०.१७५ मिळवा, ०.८७ वजा करा. उत्तर ३.३. हे करायला पट्टी, घड्याळ आणि लॉगचं कोष्टक पुरेसं आहे.

याच सूत्रातून उलटं जाऊन पाहा. ३० किलोमीटरवरच्या यंत्रावर १ महत्तेचा भूकंप साधारण ८ सेकंद दिसेल, २ महत्तेचा २४ सेकंद, ३ चा ७६ सेकंद आणि ४ चा चार मिनिटं. महत्ता १ वरून ४ वर जाताना रेषेची उंची हजारपट वाढते. कालावधी वाढतो फक्त बत्तीसेकपट. हजारपट फरक फिल्मच्या चौकटीत मावत नाही, बत्तीसपट फरक घड्याळात सहज मावतो. पद्धतीचा सगळा व्यावहारिक फायदा या एका वाक्यात आहे. तोंडी हिशेबासाठी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवता येईल: सिग्नल दुप्पट वेळ चालला की महत्ता ०.६ ने वाढते.

हा कालावधी म्हणजे ‘जमीन किती वेळ हलल्यासारखं वाटलं’ तो वेळ नव्हे. माणसाला दोन सेकंद जाणवलेला धक्का संवेदनशील यंत्रावर मिनिटभर रेंगाळतो. तसंच तो खडक तुटायला लागलेला वेळही नाही. ३ महत्तेच्या भूकंपात खडकाचा काहीशे मीटरचा तुकडा सरकतो, आणि तुटण्याची लाट सेकंदाला दोन-तीन किलोमीटर वेगाने धावते. म्हणजे मूळ घटना सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास उरकलेली असते. सेकंदाचा दहावा भाग चाललेली गोष्ट ७६ सेकंद का नोंदली जाते?

एखाद्या दरीत बंदुकीचा बार काढला तर बार क्षणात संपतो, पण समोरच्या कड्यावरून, मग बाजूच्या डोंगरावरून, मग दूरच्या सुळक्यांवरून त्याचे प्रतिध्वनी येत राहतात आणि एकमेकांत मिसळून एक लांबलचक घुमणं तयार होतं. भूकंपाच्या बाबतीत ही दरी म्हणजे पृथ्वीचं कवच. ते एकसंध नाही. त्यात भेगा आहेत, थर आहेत, कुठे मऊ खडक तर कुठे कठीण. भूकंपालेखावर आधी सगळ्यात वेगवान असे पी तरंग येतात, मग त्यांच्याहून हळू जाणारे एस तरंग, आणि त्यांच्यामागून येतो हा विखुरलेल्या तरंगांचा लोंढा. या मागच्या भागाला ‘कोडा’ म्हणतात. इटालियन भाषेत या शब्दाचा अर्थ शेपूट.

या शेपटीचा अर्थ लावला तो भूकंपशास्त्रज्ञ केइती आकी यांनी, १९६९ मध्ये. त्याआधी शेपटीकडे फारसं कुणी बघत नव्हतं. पी आणि एस तरंगांचा मार्ग ठरलेला असतो, त्यांचं गणित मांडता येतं. शेपटीतला प्रत्येक झोका मात्र कुठल्या भेगेवरून परतून आला हे सांगणं अशक्य. आकी यांनी एकेका झोक्याचा नाद सोडला आणि शेपटी एकूण कशी विरते ते पाहिलं. एका प्रदेशातल्या जवळपासच्या भूकंपांच्या शेपट्या, भूकंप घडल्यापासून पुरेसा वेळ गेल्यावर, सारख्याच पद्धतीने विरतात असं दिसलं. यंत्र १० किलोमीटरवर असो की ६० किलोमीटरवर, खडक कोणत्या दिशेने सरकला असो, उताराचा आकार तोच. मोठ्या भूकंपाची शेपटी त्याच आकाराची, फक्त वर उचललेली.

असं होण्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. थेट येणारे तरंग एकाच वाटेने येतात, म्हणून त्या वाटेचे सगळे लहरीपण त्यांच्यात उतरते. भूकंपाची ऊर्जा सगळीकडे सारखी फेकली जात नाही. काही दिशांना भरपूर, काही दिशांना जवळजवळ काहीच नाही. तुमचं यंत्र दुर्दैवाने अशा कोरड्या दिशेला असेल, तर मोठा भूकंपही त्यावर लहान दिसतो. शेपटीतले तरंग मात्र चहूबाजूंना फिरून, अनेक ठिकाणी आपटून आलेले असतात. त्या भटकंतीत ते कुठून निघाले, कोणत्या दिशेला निघाले हे पुसलं जातं. एकच गोष्ट पुसली जात नाही: एकूण किती ऊर्जा सोडली गेली होती. म्हणून थोड्याशा यंत्रांच्या शेपट्यांवरूनही महत्ता बऱ्यापैकी स्थिर मिळते.

अंतराची दुरुस्ती इतकी किरकोळ का, तेही इथे उमगतं. रिश्टर यांच्या पद्धतीत यंत्र १० किलोमीटरऐवजी १०० किलोमीटरवर असेल, तर महत्तेच्या हिशेबात सुमारे दीड गुणाची भर घालावी लागते. कालावधीच्या सूत्रात तेवढ्याच फरकाला ०.३ पुरतात. तेही का लागतात याचं एक कारण अगदी सरळ आहे. दूरच्या यंत्रावर पी तरंग उशिरा पोचतात, त्यामुळे तिथलं घड्याळ उशिरा सुरू होतं. शेपटी मात्र सगळीकडे साधारण एकाच वेळी संपते. दूरच्या यंत्राचा हातातून गेलेला तेवढा वेळ भरून काढायचा असतो.

सूत्रातला लॉग आणि तो ‘२’ कुठून आले, हा प्रश्न मला बरेच दिवस सतावत होता. घंटेशी तुलना केल्यावर तो सुटला. घंटा दर सेकंदाला आपल्या आवाजाचा ठरावीक हिस्सा गमावते. त्यामुळे टोला दहापट जोरात मारला, तर ती दहापट वेळ घुमत नाही. ठरावीक काही सेकंद जास्त घुमते. शंभरपट टोल्याला त्याच्या दुप्पट जास्तीचे सेकंद. भूकंपाची शेपटी घंटेसारखी असती, तर महत्ता काढायला लॉग घ्यावाच लागला नसता, सेकंदांना नुसतं एका आकड्याने गुणलं असतं तरी चाललं असतं.

पण कवचात तरंग बंद भांड्यातल्यासारखे अडकलेले नसतात. ते पसरत जातात, वेळ जाईल तसे अधिकाधिक मोठ्या घेरातून परतून येतात. समजा शेपटीची उंची वेळेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. १० व्या सेकंदाला जी उंची होती, तिचा शंभरावा भाग १०० व्या सेकंदाला. आता शेपटी दिसेनाशी होण्याची पातळी ठरलेली आहे. दहापट वेळ दिसत राहायचं असेल, तर सुरुवातच शंभरपट मोठी हवी. शंभरपट म्हणजे दोन गुण. दहापट वेळ, दोन गुण: सूत्रातला ‘२’ हाच. खरी शेपटी या दोन्हींचं मिश्रण असते, थोडी पसरण्याने विरते, थोडी खडकांनी ऊर्जा शोषल्याने. म्हणून ‘२’ हा निसर्गनियम नाही. त्सुमुरा यांच्या जपानी सूत्रात त्या जागी २.८५ आहे.

म्हणजे शेपटीची लांबी भूकंपावर जेवढी अवलंबून, तेवढीच जमिनीवर. याचं सगळ्यात टोकाचं उदाहरण पृथ्वीबाहेर सापडलं. अपोलो १२ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर भूकंपमापक ठेवला आणि परतताना, २० नोव्हेंबर १९६९ रोजी, त्यांच्या चांद्रयानाचा रिकामा झालेला वरचा भाग मुद्दाम चंद्रावर आदळवण्यात आला. यंत्रावर ती थरथर जवळजवळ तासभर चालली. चंद्राचा वरचा थर भेगांनी चिरफाळलेला आहे, म्हणून तरंग प्रचंड विखुरतात. आणि तो जवळजवळ पूर्ण कोरडा आहे, म्हणून ते फारसे शोषलेही जात नाहीत. कॅलिफोर्नियाच्या सूत्रात हा तास घालून पाहिला तर महत्ता ६ च्या वर येते. एका छोट्या यानाच्या धडकेला मोठ्या भूकंपाचं माप!

पृथ्वीवर फरक इतके टोकाचे नसतात, पण असतात. म्हणून प्रत्येक प्रदेशाने आपलं सूत्र स्वतः बसवायचं असतं. ज्यांची महत्ता रिश्टरच्या पद्धतीने नीट ठरलेली आहे असे स्थानिक भूकंप घ्यायचे, त्यांचे कालावधी मोजायचे, आलेखावर मांडायचे आणि त्यांतून जाणारी रेषा शोधायची. गाळाच्या जमिनीवरचं यंत्र जास्त वेळ घुमतं, कठीण खडकावरचं कमी. त्यासाठी एकेका यंत्राला वेगळी दुरुस्तीही देतात. दुसरीकडचं सूत्र जसंच्या तसं उचलून वापरलं की आकडा येतो, पण तो आकडा त्या जमिनीचा नसतो. ही चूक दिसायला क्षुल्लक आहे, आणि म्हणूनच मला ती गंभीर वाटते.

प्रत्यक्ष मोजणीतली खरी अडचण शेवट ठरवण्याची. सुरुवात ठसठशीत असते. शेवट नसतोच, शेपटी झिजत झिजत जमिनीच्या नेहमीच्या कुजबुजीत मिसळते. ही कुजबुज वाऱ्याने, समुद्राच्या लाटांनी, वाहनांनी कमी-जास्त होते. ‘सिग्नल कुजबुजीत बुडाला की शेवट’ असा नियम केला, तर तोच भूकंप वादळाच्या दिवशी लहान आणि शांत रात्री मोठा ठरेल. म्हणून ली यांनी ठरावीक पातळी घेतली: फिल्म वीसपट मोठी करून दाखवणाऱ्या पडद्यावर झोक्याची एकूण उंची १ सेंटिमीटरच्या खाली गेली की थांबायचं. पातळी ठरली की यंत्राची संवेदनशीलताही तशीच टिकवावी लागते. ती वाढवली तर शेपटी आपोआप लांब दिसणार.

भूकंपांची रांग लागली असेल तर गोष्ट आणखी बिकट होते. पहिल्याची शेपटी संपायच्या आत दुसरा येतो आणि पहिल्याचा शेवट गिळून टाकतो. मोठ्या भूकंपानंतरच्या पहिल्या तासांत, जेव्हा पश्चात धक्के सगळ्यात जास्त असतात, तेव्हाच ही पद्धत सगळ्यात लंगडी पडते.

फार मोठ्या भूकंपांना ती लागूच पडत नाही. तिथे मात्र दुसरा एक कालावधी कामाला येतो: प्रस्तरभंग प्रत्यक्ष फाटत जाण्याचा वेळ. २६ डिसेंबर २००४ च्या सुमात्रा भूकंपाची पहिली घाईची महत्ता ८.० काढली गेली, तासाभराने ८.५. खरी महत्ता ९ च्या वर होती. पण दूरच्या केंद्रांवर पोचलेल्या पी तरंगांच्या जलद कंपनांनी वेगळीच हकिकत सांगितली. ती कंपनं सुमारे ५०० सेकंद चालू राहिली होती. फाटण्याचा वेग सेकंदाला अडीच किलोमीटर धरला, तर सुमारे साडेबाराशे किलोमीटर लांबीचा प्रस्तरभंग फाटला असणार, आणि तेवढी लांबी ८ महत्तेच्या भूकंपाची असूच शकत नाही. इथे वेळ प्रतिध्वनींचा नाही, खुद्द घटनेचा आहे. दोन्ही मापांना ‘कालावधी’ म्हणतात, पण ती सर्वस्वी वेगळी आहेत.

आताची डिजिटल यंत्रं काठाला क्वचितच आदळतात, त्यामुळे पूर्ण झोका हाती लागतो आणि खडक किती सरकला यावर आधारित ‘मोमेंट महत्ता’ मध्यम व मोठ्या भूकंपांसाठी नेहमीची झाली आहे. छोट्यांसाठी कालावधी अजून टिकून आहे. उत्तर कॅलिफोर्निया, हवाई, पोर्तो रिको इथल्या याद्यांमध्ये आकड्यापुढे ‘एम-डी’ ही अक्षरं दिसली, तर ती कालावधीवरून काढलेली महत्ता.

जुन्या याद्या तर बऱ्याच प्रमाणात याच मापावर उभ्या आहेत, आणि त्या वाचताना एक हिशेब डोक्यात ठेवावा लागतो. महत्ता एकने कमी झाली की भूकंपांची संख्या साधारण दहापट होते. त्यामुळे सगळ्या महत्ता ०.१ ने वर सरकल्या, तर ‘२ आणि त्याहून मोठे भूकंप’ या खान्यातली संख्या २६ टक्क्यांनी फुगते. महत्ता ०.१ ने वर सरकायला शेपटी फक्त १२ टक्के लांब मोजली गेली तरी पुरे. फिल्म वाचणारा माणूस बदलला, नव्याची नजर थोडी तीक्ष्ण असली आणि तो शेपटी ७६ ऐवजी ८५ सेकंदांपर्यंत मोजू लागला, तर यादीत त्या महिन्यापासून भूकंप वाढलेले दिसतील. जमिनीत काहीच बदललेलं नसेल. अशा यादीवरून एखाद्या भागाची हालचाल वाढली म्हणण्याआधी यंत्र कधी बदललं, पातळी कधी बदलली आणि फिल्म कोण वाचत होतं, हे नोंदवह्या उघडून पाहावं लागतं.